आठ कोरडे माठ आणि एक ओला

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हा वाटेवर कोसांचे दगड नव्हते आणि वाटसरू अंतर तहानेवर मोजत. एका राज्याच्या अगदी टोकाला कुंभारांचे एक गाव होते. घरे आठ, चाके आठ आणि भांडणे त्याहून थोडी जास्त. गाव संपले की सहा कोसांचा उघडा माळ सुरू व्हायचा. माळावर झाडे मोजकी, विहीर एकच, तीही दोन कोसांवर. पलीकडच्या मुलखात जायचे तर हा माळ तुडवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

म्हणून गावाच्या वेशीवर, कडुनिंबाखाली, एक पाणपोई होती. तिची एक जुनी रीत होती. चैत्र पाडव्याला प्रत्येक घराने आपल्या आव्यातला, म्हणजे भट्टीतला, सगळ्यांत चांगला माठ पाणपोईला द्यायचा, आणि विकायला त्याच्या खालचे काढायचे. कुंभार हात राखून दान देत नसत, एवढे तरी त्यांच्याबद्दल चांगले बोललेच पाहिजे. आठ घरांचे आठ माठ ओल्या वाळूत मांडलेले असत, बाहेरून सदा पाझरत असत, आणि पाणी असे गार असे की वाटसरूच्या तोंडून आधी एक सुस्कारा निघे आणि मग आशीर्वाद.

ही पाणपोई सांभाळायची सगुणा. तिच्या आधी चाळीस वर्षे धोंडाईने सांभाळली होती. म्हातारीचे गुडघे गेले तेव्हा तिने स्वतःच सगुणेला बोलावून पाणी ओतायचे ओगराळे तिच्या हाती दिले आणि आपण मागच्या खोपटात जाऊन बसली. एवढ्या सुना गावात असताना हिलाच का, असे बायकांनी विचारले. धोंडाईला उत्तरे द्यायची फारशी सवय नव्हती.

बायकांचे विचारणे तसे बरोबरच होते, कारण सगुणा भारी हळवी. शेजारच्या घरात नवराबायकोची जुंपली की हिच्या घशाखाली घास उतरत नसे. कुणी आवाज चढवला की हिच्या हाताला कंप सुटे. पाणी पिता पिता एखादा वाटसरू घरची कर्मकथा सांगू लागला, तर तो मोकळा होऊन पुढे जाई आणि ती कथा सगुणेकडे राही. संध्याकाळी घरी जाताना तिच्या डोक्यात पाच-सहा परक्या माणसांचे दुःख असे. जावा म्हणत, "हिचं पाणी डोळ्यांच्या काठावरच ठेवलेलं असतं." सासू म्हणे, पाणपोईला माठ कशाला हवेत, हिलाच बसवा. सगळे हसत. सगुणाही हसे, आणि मग मागच्या अंगणात जाऊन पदराने डोळे पुसे.

एकदा तिने धोंडाईला विचारले, की आजी, काळीज घट्ट करायचे कसे ते मला शिकवा. म्हातारी सुपारी कातरत होती.

"शिकण्यासारखं असतं, तर मीच नसते का शिकले?" ती म्हणाली, आणि पुन्हा सुपारीकडे वळली.

सगुणेला वाटले, म्हातारीने आपल्याला उडवून लावले.

त्या वर्षी चैत्रात राजधानीचा एक व्यापारी आपला तांडा घेऊन पाणपोईवर उतरला. तो पोटभर पाणी प्याला, आणि निघताना त्याच्या लक्षात आले की आपले रेशमाचे गाठोडे माठाला टेकून ठेवले होते आणि ते एका बाजूने भिजले आहे. तेवढ्यावरून त्याने सगळा गाव डोक्यावर घेतला. म्हणाला, "आमच्याकडची भांडी कशी कोरडी आणि चकचकीत असतात. तुमचे माठ म्हणजे नुसते रडके. भाजता तरी येतं का तुम्हाला?"

हे ऐकायला गावचा म्होरक्या निंबाजी तिथेच होता. निंबाजीसारखा हात पंचक्रोशीत नव्हता, आणि त्याच्यासारखा ताठाही नव्हता. व्यापारी गेला, पण त्याचे शब्द निंबाजीच्या कानात घर करून बसले. खरे पाहता ज्या पाण्याने त्या व्यापाऱ्याचा जीव गार झाला, ते पाणी त्याच 'रडण्यामुळे' गार होते. पण अपमान झालेल्या माणसाला साध्या गोष्टी आठवत नाहीत. तुम्हांआम्हांलाही नाही आठवत.

निंबाजीने आठही घरे बोलावली. मोठ्या कढईत जवसाचे तेल आणि राळ कढवली, पाणपोईचे आठही माठ रिकामे करून वाळवले, आणि त्यांना आतून-बाहेरून राळेचा हात दिला. माठ आरशासारखे चमकू लागले. पाणी भरले, दिवसभर पाहिले, तरी बाहेर एक थेंब येईना. गावाला मोठे कौतुक वाटले. आता या म्हणावे त्या व्यापाऱ्याला, असे निंबाजी दहादा म्हणाला.

धोंडाईच्या खोपटात एक नववा माठ होता. जुना, एका अंगाने काळवंडलेला, काठावर टवका उडालेला. त्यालाही राळ लावू, असे निंबाजीने म्हटले तेव्हा म्हातारी म्हणाली, "राहू द्या. म्हातारीचा माठ बघायला कोण येतंय?" म्हणून तो तेवढा राहिला.

सगुणेने त्या कोरड्या माठांकडे बराच वेळ पाहिले. तिच्या मनात आले, मातीला जमते तर मला का जमू नये? त्याच दिवशी तिने ठरवले की यापुढे कुणाच्या तोंडाकडे बघायचे नाही, कुणाला काही विचारायचे नाही. पाणी ओतायचे आणि ओगराळ्याकडे नजर ठेवायची. तरीही लोक आपणहून बोलत. म्हणून तिने कानांत कापसाचे बोळे घातले आणि वरून पदर घट्ट ओढून घेतला.

पहिले आठ दिवस तिला फार बरे वाटले. रात्री झोप लागली. सासू म्हणाली, पोर सुधारली. गाव म्हणाले, माठ सुधारले आणि पोरही सुधारली. फक्त वाटसरू पूर्वीसारखे सुस्कारे सोडेनासे झाले. पाणी कोमट असे आणि त्याला राळेचा उग्र वास येई. दोन घोट घेऊन लोक तोंड पुसत पुढे जात. पण पाणी मागणारा तक्रार करत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आले नाही.

त्याच सुमारास निंबाजीची मुलगी गिरजा माहेरी आली होती. तिचे सासर माळाच्या पलीकडे. मागच्या श्रावणात तिची दीड वर्षांची मुलगी तापाने गेली होती. सासरी त्यावर कुणी अवाक्षर काढत नसे. आईवेगळी पोर, बापाजवळ मन मोकळे करावे म्हणून ती एवढा माळ तुडवून आली होती.

निंबाजी वाईट माणूस नव्हता हो. नातीसाठी त्याने हाताएवढी बोळकी घडवली होती, ती अजून फळीवर मांडलेली होती, आणि त्या फळीकडे तो पाठ करून बसत असे. गिरजेने विषय काढला की तो उठून आव्याकडे जाई. चौथ्या दिवशी ती जेवताना रडू लागली, तेव्हा त्याला ते सोसवेना, आणि न सोसवणाऱ्या माणसाच्या तोंडून निघते तसे त्याच्या तोंडून निघाले.

"आता पुरे कर. या गावात आता माठसुद्धा रडत नाहीत."

गिरजेने ताट बाजूला सारले, हात धुतले, आपले बोचके बांधले आणि उपाशीपोटी भर दुपारी घर सोडले. निंबाजीला वाटले, वेशीपर्यंत जाईल आणि येईल परत.

वेशीवर पाणपोई होती. गिरजेने ओंजळ पुढे केली. सगुणेने पाणी ओतले, आणि नजर ओगराळ्यावर ठेवूनही त्या ओंजळीतून पाणी सांडलेले तिला दिसले. क्षणभर तिने वर पाहिले. गिरजेचे डोळे रडून सुजले होते. पूर्वीची सगुणा असती तर म्हणाली असती, बसा गिरजाताई, ऊन उतरू द्या, पोटात काही आहे का? शब्द जिभेच्या टोकावर आले होते. पण आपले ठरलेले तिला आठवले आणि तिने जीभ चावली. गिरजेने कोमट पाण्याचे दोन घोट घेतले, तोंड वाकडे केले, आणि पुढे विहीर आहेच असे मनाशी म्हणून बरोबरचा पाण्याचा तुंबा न भरताच माळावर पाऊल टाकले.

सगुणा जागेवर बसली. बसली, पण तिला चैन पडेना. कापूस कानांत घातला होता, डोळ्यांत थोडाच घातला होता! ते सुजलेले डोळे समोरून हलेनात. आपण स्वतःला कितीही दटावले तरी आत काहीतरी धडका देतेच आहे, हे पाहून तिला स्वतःचा राग आला, आणि मग त्या रागाचाही कंटाळा आला. शेवटी तिने दोन्ही बोळे काढून फेकून दिले.

ऊन थोडे कलल्यावर सटवाजी गाडीवान मडक्यांनी भरलेली गाडी घेऊन माळाकडे निघाला. तो त्या दिवशी सकाळीच माळ ओलांडून गावात आला होता. पाणपोईवर थांबून त्याने विचारले, की बाई, सकाळपासून कुणाला पुढे तर सोडले नाही ना?

सगुणेने विचारले, का?

"का म्हणजे? सकाळी येताना तुम्हाला सांगितलं नव्हतं का, विहीर आटली म्हणून? तुम्ही मान हलवलीत."

सगुणेने मान हलवली होती. कानांत कापूस असलेले माणूस दुसरे काय करणार? गिरजा उपाशी होती, दोन घोट पाण्यावर गेली होती, आणि पुढे विहिरीत पाणी नव्हते. आणि तिला जाऊन बराच वेळ झाला होता.

पण ऐका, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जी बाई शेजारचे भांडण ऐकून थरथरायची, ती आता थरथरत होतीच, पण थरथरतच उभी राहिली. तिने सटवाजीला मडकी तिथेच उतरवायला लावली. मग पाणी घ्यायला ती माठांकडे वळली आणि पहिल्या माठावर तिचा हात टेकला. तो उन्हाने तापलेल्या दगडासारखा लागला. आठही तसेच. उन्हाने कोसळलेल्या माणसाला हे पाणी पाजले तर ते उलटूनच पडायचे.

ती खोपटाकडे धावली. धोंडाईने तिचे तोंड पाहिले आणि काही विचारले नाही. म्हातारीने आपला काळवंडलेला माठ पुढे सरकवला आणि त्याच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळून दिले. सटवाजीने बैल पिटाळले. गाडीत सगुणा तो माठ पोटाशी धरून बसली होती, आणि त्याच्या ओलीने तिचे लुगडे भिजत होते.

विहिरीजवळ एका बाभळीच्या विरळ सावलीत गिरजा आडवी पडलेली सापडली. ओठ फुटले होते, अंग फणफणत होते, हाक मारली तर ओ देत नव्हती. सगुणेने तिचे डोके मांडीवर घेतले. पदर भिजवून कपाळावर ठेवला, मानेवर ठेवला, तळव्यांवर ठेवला. मग बोट भिजवून ओठांना लावले. थेंब, मग दोन थेंब, मग घोट. सटवाजी डोक्यावरचे पागोटे सोडून त्याची सावली धरून उभा होता आणि त्याला ठाऊक असलेल्या सगळ्या देवांची नावे घेत होता. बऱ्याच वेळाने गिरजेचा घसा हलला.

"गार आहे," ती पुटपुटली.

सगुणेचे डोळे भरून आले, आणि या वेळी तिने ते पुसले नाहीत. गिरजा डोळे उघडून तिच्याकडे पाहू लागली. आपल्यासाठी कुणीतरी रडते आहे हे तिला कितीतरी महिन्यांनी दिसत होते. सगुणेने हळूच विचारले, "लेकराचं नाव काय होतं?"

श्रावणापासून हे कुणीच विचारले नव्हते.

"मंजुळा," गिरजा म्हणाली. मग ती रडली, आणि रडता रडता बोलू लागली. मंजुळा कशी दूध सांडायची, कशी कोंबड्यांमागे धावायची, सारे. परतीच्या सबंध वाटेवर ती बोलत होती आणि सगुणा ऐकत होती. मध्येच सटवाजीनेही नाक ओढले आणि माळावर धूळ फार आहे म्हणाला.

दिवेलागणीला गाडी वेशीवर आली. निंबाजी पाणपोईशी उभा होता. मुलगी परत न आल्याने तो शोधत निघाला होता, आणि धोंडाईने त्याला सगळी हकीकत सांगितली होती. गिरजा सगुणेच्या आधाराने खाली उतरली. बाप दोन पावले पुढे आला आणि थबकला. तेव्हा गिरजाच म्हणाली, "बाबा, मंजुळेची बोळकी अजून फळीवर आहेत. मी पाहिली."

आणि एवढा ताठ निंबाजी, साऱ्या गावासमोर, वाटेवरच खाली बसून लहान पोरासारखा रडला. कुणी हसले नाही.

पुष्कळ वेळाने तो उठला. त्याने धोंडाईच्या माठावरून हात फिरवला आणि ओला तळवा डोळ्यांना लावला. मग सगुणेपुढे हात जोडून म्हणाला, "पोरी, तू पाझरलीस म्हणून माझी लेक वाचली. माझ्या जिवात जीव आहे तोवर तुझे उपकार विसरणार नाही."

सगुणेला मात्र ते उपकार घेववेनात. आपणच जीभ चावली नसती, कानांत कापूस घातला नसता, तर ही वेळच आली नसती, हे तिने सगळ्यांसमोर सांगून टाकले. मग चमकणाऱ्या माठांकडे बोट करून तिने धोंडाईला विचारले, की यांची राळ आता निघेल का?

"माठाची छिद्रं बुजली की बुजली," म्हातारी म्हणाली. "माणसाचं तसं नाही. तुझा कापूस निघाला की."

"पण मी दमते, आजी. सगळ्यांचं सगळं माझ्यात झिरपतं. मी काय करू?"

धोंडाईने तिला जवळ बसवले. चाळीस वर्षांत ती एवढे कधी बोलली नव्हती.

"मीही अशीच होते, म्हणून तर तुझ्या हाती ओगराळं दिलं. पण एक सांगायचं राहून गेलं, ती चूक माझी. पाझरणारा माठ कधी उन्हात ठेवतात का? त्याला सावली लागते, वारा लागतो, खाली वाळू लागते. आणि आठवड्यातून एकदा तो रिकामा करून, काथ्यानं घासून, पालथा घालावा लागतो. नाहीतर शेवाळ धरतं आणि पाणी नासतं. तू वर्षानुवर्षं पाणी देत राहिलीस, बाई. तुला पालथं कुणी घातलंच नाही."

सगुणेने म्हातारीच्या मांडीवर डोके ठेवले. आपल्यात खोट आहे असे ती जन्मभर समजत आली होती. खोट कुठेच नव्हती, फक्त सावली नव्हती. हे सांगणारे माणूस इतकी वर्षे दहा पावलांवर राहत होते, याचे तिला हसू आले आणि रडूही आले.

पुढच्याच आठवड्यात निंबाजीने आठ नवे माठ घडवले. मातीत लीद आणि राख मुठीने जरा जास्तच मिसळली. आव्यात लीद जळून जाते आणि तिच्या जागी नजरेला न दिसणारी छिद्रे राहतात, त्यांतूनच माठ पाझरतो. हे त्याला त्याच्या आजोबांनी शिकवले होते. राळेचे आठ माठ त्याने फेकले नाहीत. घरोघर ते धान्य भरायला गेले, आणि त्या कामाला ते उत्तम निघाले.

गावाने आणखी एक नेम केला. आठवड्यातला एक दिवस सगुणेने पाणपोईवर यायचे नाही. त्या दिवशी निंबाजी स्वतः ओगराळे घेऊन बसे. सुरुवातीला तो वाटसरूंना माठ कसे घडवतात तेच सांगत बसे, पण हळूहळू ऐकायलाही शिकला. सगुणा त्या दिवशी गावामागच्या ओढ्याकाठी जाऊन एकटी बसे. कुणाशी बोलत नसे, काही करत नसे. पहिल्या दिवशी तिला चोरी केल्यासारखे वाटले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती पाण्यात पाय सोडून बसली असता तिच्या मनात आपल्याच हळव्या जिवाबद्दल माया दाटून आली. इतकी वर्षे त्याला रागावत आले, आणि तरी बिचारा आपले काम करत राहिला. ती त्याला हळूच म्हणाली, "बरं झालं बाई, तू आहेस."

गिरजा दर चैत्रात माहेरी येऊ लागली. येताना पाणपोईवर थांबे, पोटभर पाणी पिई आणि निघताना माठाच्या ओल्या अंगावर हात टेकवून तो डोळ्यांना लावी. तिचे पाहून इतरांनीही तसे सुरू केले. धोंडाई गेली, सगुणा म्हातारी झाली, तिने आणखी एका हळव्या सुनेला बोलावून तिच्या हाती ओगराळे दिले. पण या वेळी तिने पहिल्याच दिवशी सगळे नीट सांगितले, पालथे घालण्याचेसुद्धा. म्हणतात, त्या वाटेचे लोक अजूनही पाणी पिण्याआधी माठाच्या ओलीचा हात डोळ्यांना लावतात, आणि एखादे मूल जरा लवकर रडले तर त्याला हसत नाहीत. त्याला सावलीत नेऊन बसवतात.

तात्पर्य : हळव्या मनाने आपले पाझरणे बुजवू नये, आपल्यापुरती सावली शोधावी.